फितीवरची भुरी

शुभांगीने पडद्यावरचं चित्र थांबवलं आणि चष्मा पुसला. डाग गेले नाहीत. मग तिने पडदा पुसला. डाग तरीही तिथेच.

"नजीरभाई, जरा इकडे या."

नजीरभाई स्क्रूड्रायव्हर खिशात टाकून आले आणि पडद्यावर वाकले.

"द्राक्षाचं पान आहे," ते म्हणाले.

"ते मलाही दिसतंय. हे पांढरं काय आहे?"

"फंगस."

"फितीवरची की पानावरची?"

नजीरभाई सरळ उभे राहिले. "मॅडम, मी फितीचा माणूस. पानाचं मला नका विचारू."

इंदिरानगरातल्या त्या खासगी कलासंग्रहालयाचा जतन विभाग शुभांगी सांभाळायची. विभाग म्हणजे ती, एक थंड खोली आणि गरज पडेल तेव्हा जुन्या नाशकातून स्कूटरवर येणारे नजीरभाई. इतर संग्रहालयांत तलवारी आणि नाणी जपतात. इथे चित्रं होतीच, शिवाय काही कलावंतांनी व्हिडिओवर केलेली कामंही होती. तलवारीला गंज चढला तर कुणालाही दिसतो. व्हिडिओ कॅसेट मात्र बाहेरून धडधाकट दिसते आणि आतून बुरशीने भरलेली निघते. ती बुरशी काढायची, फीत एकदा नीट चालवायची आणि चित्र संगणकात उतरवून घ्यायचं, हे शुभांगीचं काम. त्यात तिचा एकच नियम होता: आपण काही सुधारायचं नाही. कलावंताने जे केलं ते ठेवायचं आणि काळाने जे केलं ते काढायचं.

आता या पांढऱ्या डागांपैकी कलावंताचे कुठले आणि काळाचे कुठले, तेच कळत नव्हतं.

कॅसेट पुंजाराम यांची होती. मूळ निफाडजवळच्या एका गावातले, आता बडोद्यात स्थायिक झालेले नामवंत कलावंत. १९९६ साली त्यांनी थोरल्या भावाच्या बागेत कॅमेरा रोवला आणि एकाच द्राक्षवेलीचं तासभर चित्रण केलं. कॅमेरा जागचा हलत नाही, वेल जागची हलत नाही. नाव 'अखेरचा हंगाम'. "मृत्यूचं इतकं शांत दर्शन क्वचितच घडतं," असं तेव्हा एका समीक्षकाने लिहिलं होतं. दाखवायच्या प्रती पुढे हरवल्या. मूळ कॅसेट बडोद्याच्या माळ्यावर राहिली आणि माळ्यावर राहिलेल्या कॅसेटचं जे होतं ते झालं. शनिवारी तिचं प्रदर्शन होतं आणि आज मंगळवार होता.

शुभांगीने पुंजारामांना फोन लावला.

"सर, पानांवर पांढरे डाग दिसतायत. ते मूळचे आहेत का?"

"डागांकडे बघू नका," पुंजाराम म्हणाले, "डागांतून बघा."

"बघते सर. पण ते ठेवायचे की काढायचे?"

"मी शुक्रवारी येतोच आहे," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

फीत हलती बघितली असती तर उलगडा झाला असता. पण बरीचशी फीत अजून नजीरभाईंच्या हातात होती. ते बोटभर बोटभर पुसत होते आणि घाई केली की फीत तुटते, असं दर तासाला सांगत होते. चालवता आला तो तुकडा इतका निवांत होता, की पानही हललं नव्हतं.

तेव्हा शुभांगीला नवऱ्याची आठवण झाली. योगेशचं निफाडला शेती औषधांचं दुकान. रोज सकाळी इंदिरानगरातून निघायचा, संध्याकाळी परतायचा. 'शेतकरी दुकानाची पायरी चढला, की त्याच्या तोंडावरून मी बागेतला रोग ओळखतो,' असं तो लग्नापासून सांगत आला होता. शुभांगीने पडद्याचा फोटो काढून त्याला पाठवला. 'हे पानावरचं आहे का, सांग.' कुणाला दाखवू नकोस, एवढं मात्र लिहायचं राहिलं.

योगेशने फोटो जवळून बघितला, लांबून बघितला. त्याला काहीच कळलं नाही. पण नाही कळलं असं बायकोला कळवणं शक्य नव्हतं. म्हणून त्याने तो फोटो तालुक्यातल्या द्राक्ष बागायतदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'काय वाटतं?'

ग्रुपला पुष्कळ काही वाटलं.

'भुरी. पानावर पांढरी पूड धरलीय ना.'

'भुरीच. लय उशीर झालाय.'

'दादा आधी फोन बदला, फोटो लय खराब येतोय.'

'कुठली बाग ही?'

या प्रश्नापाशी सगळं थांबलं असतं, तर ही गोष्टही इथेच थांबली असती. पण वेलीच्या मागे, अंधुक का होईना, विहिरीवरची एक दगडी मोटारखोली दिसत होती आणि तिच्याशेजारी जमिनीशी वाकलेली बाभळ. अशी बाभळ अख्ख्या पंचक्रोशीत एकच होती आणि ती अजून तशीच वाकलेली होती.

'ही तर धोंडीराम अण्णांची बाग!'

त्यानंतर ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली.

धोंडीराम अण्णा, म्हणजे पुंजारामांचे तेच थोरले भाऊ, ग्रुपवर नव्हते. त्यांचा फोन बटणांचा. त्यामुळे आपल्या बागेत भुरी आली, हे तालुक्यात सगळ्यांत शेवटी त्यांना कळलं. बुधवारी सकाळी शेजारचा बागायतदार आला, टोपी काढून ओट्यावर बसला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "अण्णा, ऐकून लय वाईट वाटलं."

"कोण गेलं?" अण्णांनी विचारलं.

दुपारपर्यंत आणखी चौघं येऊन बसून गेले. अण्णांच्या बायकोने, साळूबाईंनी, चहा ठेवायचं बंद केलं, कारण लोक अशा वेळी चहाला नको म्हणतात. संध्याकाळी व्यापाऱ्याचा माणूस सुनील याचा फोन आला. घड खुडून माल उतरवायला अवघा आठवडा उरला होता.

"अण्णा, उतरवणी जरा लांबवू."

"का?"

"असंच. वर काय ते ठरूं द्या."

अण्णांनी दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यापाजाऱ्यांना बागेत नेलं. एकेक पान उलटून दाखवलं, घड हातात धरून उन्हात फिरवला. पान हिरवंगार, घड काचेसारखा.

"कुठंय भुरी? दाखवा!"

लोक एकमेकांकडे बघू लागले. शेवटी एक जण म्हणाला, "अण्णा, अशी नाय दिसत ती. फोटोत दिसती."

मग फोटोचा माग सुरू झाला. तो योगेशच्या दुकानापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. शुक्रवारी सकाळी योगेशने शुभांगीला फोन केला. आवाज अतिशय गोड होता, त्यावरूनच तिला शंका आली.

"अगं, तो परवाचा फोटो नेमका कुठला होता?"

"इथलाच. कॅसेटमधला. एकोणीसशे शहाण्णव सालचा. का रे?"

"काही नाही. धोंडीराम अण्णा निघालेत तिकडं. साळूकाकू पण आहेत. जीप भरलीय."

"योगेश, तू काय केलंस?"

"रेंज जातेय," योगेश म्हणाला आणि रेंज गेली.

जीप आली तेव्हा पुंजाराम आधीच पोचले होते. पांढरी दाढी, खादीचा झब्बा. दालनाच्या मधोमध ठेवलेला जुना, पाठीला पोक आलेला टीव्ही तिरका असावा की सरळ, यावर ते तासभर विचार करत होते. दारातून आधी अण्णांचा आवाज आत आला, मग अण्णा.

"भुरी कोण जपतंय हितं?"

"मी, अण्णा," शुभांगी पुढे झाली. "म्हणजे भुरी नाही. कलाकृती."

"त्याला पगार हाय?"

"आहे."

"आम्ही जन्मभर औषध मारून मारून मेलो. तुम्ही पगार घेऊन जपा!" अण्णा टीव्हीसमोर जाऊन उभे राहिले. पडद्यावर वेल होती आणि वेलीवर डाग होते. "पुसा ते."

"पुसता येत नाही, अण्णा. आधी ते कशाचे आहेत ते ठरवावं लागेल."

"ओल्या फडक्यानं निघत नाय का?" साळूबाईंनी मनापासून विचारलं.

सुनीलही जीपमधून आला होता. शुभांगीने त्याला बाजूला घेऊन फोटोचं साल सांगितलं. तो एकदम मोकळा झाला. "शहाण्णव? मग आमचं काय म्हणणंच नाय. अण्णा, सौदा पक्का! सोमवारी गाडी लावतो."

शुभांगीला वाटलं, सुटलो. पण अण्णा जागचे हलले नाहीत.

"कंचं साल म्हणाला?"

"शहाण्णव."

"सौदा गेला खड्ड्यात," अण्णा म्हणाले. "शहाण्णव साली तालुक्याच्या द्राक्ष प्रदर्शनात पहिली ढाल माझी. हीच बाग! घरात अजून कपाटावर हाय. बागेला भुरी होती तर ढाल खोटी, आन् ढाल खोटी तर धोंडीराम खोटा." मग त्यांची नजर दारावरच्या फलकावर गेली. खाली धाकट्या भावाचं नाव होतं. त्यांनी एकेक अक्षर लावत वाचलं. "अखेरचा हंगाम. कुणाचा अखेरचा? पुंज्या!"

एवढा वेळ टीव्हीमागे तार शोधत असलेले पुंजाराम उभे राहिले. बडोद्यात त्यांना सगळे सर म्हणत. पुंज्या ऐकून कैक वर्षं झाली होती.

"अण्णा, ते प्रतीक आहे."

"बागंनं त्यानंतर दरसाल हंगाम दिला मला. तुझं बडोद्याचं कॉलेज तिनं केलं. आन् तू तिला मारून बसला? आजारी होती का ती? सांग माझ्या तोंडावर."

"होती... म्हणजे... तशी दिसत होती."

"माझ्या हाताखाली?"

"अण्णा, कलेत दिसणं महत्त्वाचं असतं."

अण्णांनी कोपऱ्यातली खुर्ची ओढली आणि टीव्हीसमोर ठाण मांडलं. "निकाल लागल्याशिवाय मी उठत नाय. उद्या तुमचे पाहुणे येऊं द्या, मी हितंच हाय." जीपमधल्या मंडळींनीही जमिनीवर बैठक मारली. संचालकांनी दारातून एकदा डोकावून बघितलं आणि शुभांगीकडे बघून फक्त भुवया उंचावल्या. त्याचा अर्थ तिला कळला.

"नजीरभाई, किती फीत तयार आहे?"

"सुरुवात सोडून सगळी. सुरुवातीचा वेढा बाहेरचा ना, तो सगळ्यात सडलेला. त्याला वाळायला ठेवलंय."

"मग जी आहे ती लावा." शुभांगी मंडळींकडे वळली. "हे बघा, डाग फितीवरचा असेल, तर पान हललं तरी तो जागेवरच लुकलुकेल. डाग पानावरचा असेल, तर पानाबरोबर हलेल. आपण वाऱ्याची वाट बघायची."

मंडळी वाऱ्याची वाट बघू लागली. संग्रहालयात आजवर कुठल्याही कलाकृतीसमोर इतके लोक इतका वेळ इतक्या एकचित्ताने बसले नव्हते. येणारे सहसा पाट्या वाचत, फोटो काढत आणि कॅन्टीन कुठे आहे ते विचारत. इथे कुणी खोकतही नव्हतं. एकदा वेलीवरून मुंगळा गेला, तर सगळ्यांच्या माना त्याच्याबरोबर गेल्या. "भारी काढलंय," मागून कुणीतरी कबूल केलं. पुंजारामांचा चेहरा क्षणभर उजळला, पण अण्णांची पाठ दिसताच पुन्हा विझला.

आणि मग वारा आला. बाभळ हलली, पानं हलली. निम्मे डाग हवेत जागच्या जागी लुकलुकत राहिले. उरलेले मात्र पानांबरोबर डावीकडे गेले आणि पानांबरोबर परत आले.

शुभांगीला आयुष्यात पहिल्यांदा आपली चाचणी चुकली असती तर बरं झालं असतं, असं वाटलं.

"अवो, जुनी गोष्ट हाय," साळूबाई हळूच म्हणाल्या.

अण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "सोमवारी जाऊन ढाल परत करतो."

"कुणाला करता? त्या टायमाचं कुणी ऱ्हायलंय का तिथं?"

"तहसीलदाराच्या टेबलावर ठेवून येतो."

अण्णा उठायला लागले आणि अर्धवट उठूनच थांबले. पडद्याजवळ जाऊन त्यांनी नाक जवळजवळ काचेला लावलं. "एक मिनिट. ही कसली भुरी? शेजारच्या काडीवर एक ठिपका नाय. मागल्या पानांवर नाय. नुसती पुढून हाय, कॅमेऱ्याच्या अंगानं! भुरीला काय फोटो काढून घ्यायचा होता?"

"चहा घेऊया का सगळे?" पुंजाराम एकदम म्हणाले. "कॅन्टीनमध्ये. माझ्याकडून."

नेमके त्याच वेळी नजीरभाई आतल्या खोलीतून आले, दोन्ही हातांत कॅसेट धरून, जशी कुणी भरलेली बशी आणावी. "मॅडम, सुरुवातीचा भाग वाळला. एकदा चालेल. परत चालेल, याची गॅरंटी मी देत नाही."

"ते राहू द्या," पुंजाराम म्हणाले. "सुरुवातीला काही नाही. माझी कलाकृती मधूनच सुरू होते."

"सर, फीत पूर्ण उतरवून घ्यावी लागते. नियम आहे."

"नियमाला अपवाद असतात!"

"लाव रे भाऊ," अण्णा नजीरभाईंना म्हणाले.

पडद्यावर आधी नुसत्या रेघा आल्या. मग आभाळ, मग एक चप्पल, मग वेल. स्वच्छ, हिरवी, टवटवीत, एकही डाग नसलेली वेल. मग चौकटीत एक काटकुळा, दाट केसांचा पोरगा शिरला. त्याच्या हातात गुलाबी रंगाचा पावडरचा डबा होता. त्याने इकडेतिकडे बघितलं, डबा उघडला आणि आतल्या मऊ पफने वेलीच्या पानांना पावडर लावायला सुरुवात केली. लग्नात नवरीला लावावी, तशी हलक्या हाताने, एकेका पानाला. घडांनाही लावली. मागे सरकून बघितलं, परत जाऊन एका पानाला थोडी जास्त लावली. मग तो शिंकला.

तेवढ्यात फितीतून लांबून एका तरुण बाईचा आवाज आला, "पुंजाभाऊजी! माझा पावडरचा डबा बघितला का वो?"

पोरगा दचकला. डबा पाठीमागे लपवून ओरडला, "नाय वहिनी! इंदूताईनं नेला असंल!"

मग चित्र गेलं, फीत अडकली आणि नजीरभाईंनी झटकन यंत्र बंद केलं. "आलं का?" त्यांनी विचारलं.

"आलं," संगणकाकडे बघत शुभांगी म्हणाली. "सगळं आलं."

साळूबाई उभ्या राहिल्या होत्या.

"भाऊजी," त्या म्हणाल्या.

"वहिनी, कॉलेजात विषय दिला होता, ऱ्हास," पुंजाराम भराभर बोलू लागले. बडोदा त्यांच्या बोलण्यातून केव्हाच गळून गेलं होतं. "समदा तालुका हिंडलो. कुठं बुरी बाग गावंना. आन् अण्णांच्या बागेत ऱ्हास कुठून आणू? तुम्हीच सांगा!"

"माझ्या भावानं दिला होता तो डबा. संक्रांतीला वन्सं आल्या होत्या, मला वाटलं त्यांनीच उचलला. वर्षानुवर्षं टोमणे मारले मी त्यांना! दर हळदीकुंकवाला सगळ्या बायांदेखत विचारायची, वन्सं, यंदा काय नेणार? आन् त्या बिचाऱ्या रडायच्या!"

इकडे अण्णांच्या खांद्यांना कसला तरी झटका बसल्यासारखा झाला. शुभांगी घाबरून पुढे झाली. पण अण्णा हसत होते. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते.

"बघितलं का रे?" ते जीपच्या मंडळींना म्हणाले. "अशी निरोगी बाग, की तिला आजारी पाडायला घरातली पावडर न्यावी लागली! पुंज्या, लेका, एवढं सर्टिफिकेट मला त्या ढालीनं बी दिलं नव्हतं. बाई, हे सुरुवातीचं दाखवायचं. आधी हे, मग त्याचं ते मरण."

"तो कलाकृतीचा भाग नाही!" पुंजाराम कळवळून म्हणाले.

दोघा भावांनी शुभांगीकडे बघितलं. कलावंताने जे केलं ते ठेवायचं, हा तिचाच नियम होता आणि कलावंताने काय केलं, ते आता सगळ्यांनी बघितलं होतं.

"मधल्या टीव्हीवर 'अखेरचा हंगाम' राहील," ती म्हणाली. "पानांवरचे डाग तसेच, फितीचे काढलेले. आणि दाराशी एका छोट्या पडद्यावर ही सुरुवात. चालेल, सर?"

"चालतंय त्याला," अण्णा म्हणाले.

शनिवारी छोट्या पडद्यासमोर रांग लागली. योगेशने प्रायश्चित्त म्हणून ती चित्रफीत आदल्या रात्रीच ग्रुपवर टाकली होती, त्यामुळे निम्मा तालुका इंदिरानगरात गाड्या लावायला जागा शोधत होता. एका जाणकार पाहुण्यांनी पुंजारामांचा हात हातात घेऊन सांगितलं, की स्वतःच्याच असत्याचा असा निर्भय पुरावा दाखवणारा कलावंत त्यांनी पाहिला नव्हता. पुंजारामांनी मान झुकवली. तासाभरात ते लोकांना छोटा पडदा स्वतः समजावून सांगू लागले.

डबाही होता. पुंजारामांच्या कायम सोबत असणाऱ्या रंगांच्या पेटीत तो इतकी वर्षं तळाशी पडला होता. झाकण गंजलेलं, आत थोडी पावडर शिल्लक. तो त्यांनी शुक्रवारी संध्याकाळी गुपचूप शुभांगीच्या टेबलावर आणून ठेवला आणि तिने तो कलाकृतीचा भाग म्हणून काचेच्या पेटीत ठेवला. शेजारी पाटी: 'कृपया स्पर्श करू नये.'

गर्दी ओसरत आली तशा साळूबाई तिथे आल्या. नवं लुगडं नेसलेल्या. सकाळी इंदूवन्संशी फोनवर बोलून झालं होतं. दोघी आधी रडल्या होत्या आणि मग मिळून पुंजारामांना शिव्या दिल्या होत्या.

"उघड गं ही पेटी."

"काकू, आता ती संग्रहालयाची वस्तू आहे. हात नाही लावता येत."

"हात कशाला लावते? तोंडाला लावते. तिकडं फोटो काढायला बोलावलंय आम्हाला."

शुभांगीने पाटीकडे बघितलं, साळूबाईंकडे बघितलं. मग खिशातून किल्ली काढून तिने काच वर उचलली. साळूबाईंनी डबा नाकाशी नेला. "वास अजून तोच हाय," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मऊ पफ गालांवरून दोनदा फिरवला, कपाळावरून एकदा आणि डबा जसा होता तसा, झाकणाची खूणसुद्धा जुळवून, जागेवर ठेवला.

अण्णा शोधत शोधत तिकडे आले. त्यांनी बायकोच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं, जसं ते रोज पहाटे पानांकडे बघत.

"काय गं," ते म्हणाले, "भुरी आली का काय?"

"येऊं द्या," साळूबाई पदर सारखा करत म्हणाल्या. "फवारणी करू नका म्हंजे झालं."